कोणाचा माड

वादळ रविवारी पहाटे आले,
आम्ही गुरुवारी दुपारी.
मधल्या दिवसांचा जाब
गावाने आम्हालाच विचारला.

मी आणि सोयरू वेळीप, शिडी दोघांच्या खांद्यावर.
गालजीबागेत एकोणीस खांब आडवे, असे कागद म्हणतो.
कागद लिहिणारा पुलाच्या अलीकडूनच परतला होता.

पदेर भिंतीला टेकून बसलेला, शेजारी त्याची सायकल.
भट्टीत पाणी शिरले, अजून ओल सुटत नाही.
चार दिवस पोंपों वाजली नाही, तर म्हणे
देवळाकडचा म्हातारा उठायलाच तयार नाही,
सकाळ झालीच नाही म्हणतो.

सगुण पागीची होडी काजूच्या झाडाखाली सापडली,
दर्यापासून इतकी लांब
की पोरे आत बसून वल्ही मारत होती.
त्याच्या बायकोने पुरुमेंत वाळत घातले होते,
मिरच्या, सोलां, खारे बांगडे,
चार महिन्यांचा पाऊस निभावणारे घरच एक.
रात्री आत घेतले, तर कौलेच उडाली.
ती रडली वगैरे नाही.
"फ्रीज कधी चालेल?" म्हणाली.
आत इसवण होता. वास फाटकापर्यंत येत होता.

फेलिसिदादबाईंनी फोन माझ्या हातातच दिला.
मुलगा जहाजावर, कुठल्याशा थंड बंदरात,
त्याने तिथल्या टीव्हीवर गोवा पाहिला असेल.
"घरात उजेड नको रे मला.
ह्यात दोन रेघा भर. जिवंत आहे एवढे सांगते."
माझ्याकडे पक्कड होती, हातमोजे होते.
रेघा नव्हत्या.

आणि मग तो माड.

बावीस वर्षे काणकोणच्या कोर्टात
कायतान म्हणत आला, माड माझ्या हद्दीत,
फोंडू म्हणत आला, माझ्या आजोबाने लावला.
नकाशात त्याला 'क' हे अक्षर होते.
एकाने पाडेली चढवला की दुसरा पोलीस आणायचा,
नारळ आपले आपण पडत,
खाली कोण आधी पोचतो एवढाच प्रश्न.

आता तो आमच्या तारेवर होता,
आणि तारेसकट शेवंतीच्या रांधणीवर.
कापायला सही लागते. ज्याचा माड, त्याची.
कायतान म्हणाला, "फोंडूचा."
फोंडू म्हणाला, "मी कधी माझा म्हटला?"
बावीस वर्षांत पहिल्यांदाच दोघांचे
एकमेकांच्या बोलण्यावर डोके हलले.

मी कागद धरून उभा. सोयरू विडी शोधत होता, ती भिजलेली.
शेवंती आतून आली, हातात वाकलेले भगोणे.
"माझ्या चुलीवर पडलाय ना?
मग माझा."
आणि तिने अंगठा दिला, काजळीचाच,
शाई लागली नाही.

करवत चालली तासभर.
शेंड्यातला पांढरा गाभा तिने विळीवर चिरला,
दोन घरी पाठवला, आम्हाला गुळाबरोबर दिला.
कायतानने उभ्यानेच खाल्ला.
फोंडूच्या पायरीवर बशी होती,
मी परत निघालो तेव्हाही होती,
मुंग्या लागलेली.
खटल्याची तारीख जूनमध्ये आहे, असे कोणीतरी म्हणाले.

सात वाजता फ्यूज बसवला.
रविवारी पहाटे जे जे चालू होते
ते सगळे एकदम चालू झाले:
पंखे, पदेराचा पीठ मळायचा यंत्रा,
फेलिसिदादबाईंच्या आल्ताराचा तांबडा दिवा,
कोणाच्या तरी टीव्हीवर मोठ्याने कोणीतरी.
पोरांनी आरोळी ठोकली, होडीतूनच.

शेवंतीच्या रांधणीला छप्पर नव्हते.
वाशाला लोंबणारा बल्ब
उघड्या आभाळाखाली लागला,
त्याच्याखाली ती भांडी घासत बसली.
नियमाने ती जोडणी मी तोडायला हवी होती.

सोयरूने शिडी उचलली होती.
पैंगीणला आमच्या घरी अजून काळोख,
पुलापर्यंत चालत मी मागे वळून पाहत होतो
तिथे काही ठिणगी उडत नाही ना.